‘उसातली मावशी’चा शेवट

सुजाता,

तू गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाला माणसं बरीच आली होती. निमगाव सावाच्या विहारापुढे मांडव घातला होता, तरी खुर्च्या कमी पडल्या आणि पोरं सतरंजीवर बसली. तुझ्या भावाने तुझी पुस्तकं एका टेबलावर मांडली होती. ‘उसातली मावशी’ तेवढी नव्हती. ती कुणाकडे उरलीच नव्हती. तूच एकेक प्रत परत गोळा केली होतीस.

एक निवृत्त केंद्रप्रमुख बोलायला उभे राहिले. चांगलं बोलले. मुलांना चित्र वाचायला तू शिकवलंस, असं म्हणाले. मग थोडं थांबून म्हणाले, “एक पुस्तक सोडलं, तर बाईंच्या हातून मुलांचं भलंच झालं.” लोकांनी माना हलवल्या. तुझ्या भावाने मान खाली घातली. मी दुसऱ्या ओळीत होते. माझ्या हातात पाण्याचा पेला होता, आणि मी ते पाणी पीत राहिले.

ते एक पुस्तक माझ्यामुळे तसं झालं, हे त्या मांडवात फक्त मला माहीत होतं. आतापर्यंत ते दोघींना माहीत होतं.

आपण पहिल्यांदा भेटलो घोडेगावच्या शिक्षक-प्रशिक्षणात. तेव्हा दोघींनाही नोकरी लागून दोनतीन वर्षं झाली असतील. मार्गदर्शक आपल्याकडे पाठ करून फळा भरत होते, सगळे उतरवून घेत होते, आणि तू त्यांच्या पाठीचं चित्र काढत होतीस. शर्टाची ओली बगल, ताठ मान, मागचा खिसा. मी हसू दाबलं. तू मान वर न करता म्हणालीस, “तोंड नाटक करतं, मंदा. पाठीला ते जमत न्हाई.”

तुझं पहिलं पुस्तक त्या पाठीतूनच आलं. खोडदच्या शेतांमधल्या रेडिओ दुर्बिणीच्या त्या अवाढव्य तबकड्या आपण दोघींनी एसटीच्या खिडकीतून किती वेळा पाहिल्या असतील. मला त्या नेहमीच सुंदर वाटल्या. तू त्यांचे कान केलेस, ‘पाठमोरे कान’. पानापानावर सगळे कान एकदम वळतात, कधी इकडच्या आभाळाकडे, कधी तिकडच्या. खाली एक मुलगा त्यांना आपलं नाव सांगत राहतो. एकही कान त्याच्याकडे वळत नाही. पुस्तक तिथेच संपतं. मी तुला विचारलं होतं, “मग पुढे?” तू म्हणालीस, “पुढं काय? त्याला कळलं.”

तुझी काम करायची पद्धत मला शेवटपर्यंत नवलाची वाटली. आधी चित्रं, शब्द नंतर. जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या बाजू तू गोणपाटाच्या दोऱ्याने शिवायचीस. निळीची पुडी, काजळ, हळद आणि शाळेचे उरलेले पोस्टर कलर, एवढ्यावर तुझं भागायचं. रविवारी दुपारी आमच्या ओट्यावर येऊन बसायचीस आणि कच्चं पुस्तक माझ्यापुढे ठेवायचीस. पुढचं पान मला उलटू द्यायची नाहीस. “आता काय व्हईल, सांग.” मी सांगायचे. तू ऐकून घ्यायचीस आणि बहुतेक वेळा तसं झालेलं नसायचं. मग मी घरी शब्द लिहायचे. प्रत्येक पुस्तकाचे शब्द माझे होते. मुखपृष्ठावर माझं नाव टाकायचं तू दर वेळी म्हणालीस आणि दर वेळी मी नको म्हणाले. मला तो माझा विनय वाटायचा. घरी आणि शाळेत चर्चा नको, एवढंच मनात होतं. पुढे त्या नसलेल्या नावाआड मला लपता येईल, हे तेव्हा मला कळलं नव्हतं. की कळलं होतं?

मावशीची गोष्ट तू शिनोलीच्याही वर, डोंगरातल्या शाळेवर होतीस तेव्हाची. तिथल्या एका विद्यार्थिनीच्या आजीने वाघबारशीला तुला बरोबर नेलं होतं. रानाच्या कडेला शेंदूर लावलेला वाघोबाचा दगड. तिने त्याच्यापुढे भाकरीचा तुकडा ठेवला, हात जोडले आणि वळून चालू लागली. तू थबकलीस, तर तुझं मनगट धरून तिने ओढलं. ठेवायचं आणि यायचं. हाक मारायची नाही, आणि मागं तर बघायचंच नाही. त्याचा वाटा त्याला, आपली वाट आपल्याला. तू विचारलंस, बघितलं तर काय होतं? म्हातारी म्हणाली, “त्येला वाटतं, बोलावलं.”

हे तू मला सांगितलंस, तेव्हा आपल्या खालच्या अंगाला कालव्याचं पाणी येऊन बरीच वर्षं झाली होती. जिथे बाजरी असायची तिथे ऊस उभा होता, घराच्या भिंतीपर्यंत. सरीत बिबट्याच्या पायाचे ठसे दिसतात, असं लोक सांगायचे. कुत्री कमी झाली होती. तेव्हा अजून लोक त्यावर हसत होते. “कुत्रं गेलं? दुसरं आण की. त्येलाबी प्वाट हाय.”

तुझं शेवटचं चित्र अजून जसंच्या तसं डोळ्यांपुढे आहे. दोन पानांवर पसरलेला ऊस, काळसर हिरवा. उसाच्या कडेला भाकरीचा तुकडा. एक लहान मुलगी आपल्याकडे चालत येते आहे, ओठ घट्ट मिटलेले, डोळे समोर. तिच्या मागे उसाची फक्त दोन पाती वाकलेली. बिबट्या, म्हणजे आपली मावशी, कुठेच नाही. शब्दांसाठी तू एकच ओळ सुचवली होतीस, “मागं बघू नको.”

मी म्हणाले, “सुजाता, पोरं घाबरतील.”

“घाबरू दे की.”

“बालवाडीतली पोरं आहेत. रात्री झोपणार नाहीत. एवढी मावशी मावशी म्हणायचं आणि मावशी दाखवायचीच नाही?”

“ती दिसत न्हाई, म्हनून तर ती हाय.”

मी तीन रविवार वाद घातला. माझी भाषा चांगली होती, वाचन तुझ्यापेक्षा जास्त होतं. मुलांना आधार लागतो, गोष्टीने दार बंद करायचं नसतं, असं बरंच काही मी बोलले. चौथ्या रविवारी तू नवं चित्र घेऊन आलीस. मुलगी मागे वळली आहे, हात पुढे केला आहे, आणि उसातून मावशी बाहेर आली आहे, गोल तोंडाची, मिश्यांवर भाकरीचे कण. मी खाली लिहिलं, “मावशी, जेवायला ये! हाक मारली आणि मावशी आली.” तू ते वाचलंस. “मंदे, तू लई शाणी हायेस,” म्हणालीस. मी ते कौतुक समजले.

त्या पुस्तकाने तुला नाव दिलं. आजूबाजूच्या दोन तालुक्यांतल्या शाळांत ते गेलं. पोरांना तोंडपाठ झालं. आमच्या गावच्या वस्त्यांवर पोरांनी एक खेळच काढला, ‘मावशीचा घास’. दिवस कलला की ज्याने त्याने भाकरीचा तुकडा न्यायचा, उसाच्या कडेला ठेवायचा आणि एका सुरात हाक मारायची. मोठी माणसं कौतुकाने बघायची. एकदा तू आणि मी त्या पांदीच्या वाटेने येत होतो. बांधावर ओळीने तुकडे ठेवलेले होते, कालचे, परवाचे. तू थांबलीस.

“मंदे, हे बरं न्हाई.”

“मुंग्यांची चैन आहे,” मी म्हणाले.

तू खाली वाकून पाहिलंस. एकाही तुकड्याला मुंगी लागलेली नव्हती. ओळीच्या शेवटच्या दोन जागा रिकाम्या होत्या. माझं मनगट धरलंस आणि आपण जरा भरभर चालू लागलो.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. निदान त्यातला बाहेरचा भाग. आमच्या गावच्या बाळूभाऊंची अश्विनी, पाच वर्षांची. इतर पोरं त्या दिवशी जत्रेला गेली होती, म्हणून ती एकटीच गेली, बरोबर कुत्रा. बाळूभाऊ विहिरीवर मोटर बघत होते. पोरीची हाक त्यांनी ऐकली, “मावशी, जेवायला ये!” आणि तिकडे सहज पाहिलं. अजून उजेड होता. ऊस हलताना त्यांना दिसला. ते ओरडत धावले, हातातलं घमेलं त्यांनी फेकलं. पोरीच्या हाताएवढ्या अंतरावरून बिबट्याने कुत्रा उचलला. आवाजसुद्धा झाला नाही म्हणतात. पोरगी हात पुढे करून उभीच होती, हातात तुकडा. पुस्तकात तशीच उभी होती ना.

त्यानंतर सात-आठ महिने ती बोलली नाही.

आमच्या गावच्या शाळेत बैठक झाली. बाळूभाऊंनी पुस्तक टेबलावर आपटलं. “ह्ये कुनी लिव्हलं?”

“मी,” तू म्हणालीस.

मी तुझ्या शेजारच्या खुर्चीवर होते. टेबलाखाली तुझा हात माझ्या गुडघ्यावर आला आणि घट्ट दाबला गेला. मी ते ‘गप्प बस’ असं समजले. किंवा तसं समजायचं ठरवलं. कुणीतरी मागून म्हणालं, “ह्यांना आपलं देवदेव काय ठावं? वाघोबाची मावशी करून ठिवली.” कुणी हसलं. आमचे चुलते शाळा समितीचे अध्यक्ष होते. ते हसले नाहीत, पण त्यांनी त्या माणसाला थांबवलंही नाही. मी उठून “तो शेवट माझा आहे” म्हणाले असते, तर काय झालं असतं, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. आमच्या घरची पोर म्हणून दोघांनी मला समजावलं असतं, चहा झाला असता, विषय मिटला असता. तुझ्यासाठी तो मिटला नाही. तुझी बदली झाली. दूरची, डोंगरापलीकडची.

तू जाण्याआधी सुट्ट्यांमध्ये शाळा-शाळा फिरलीस, एसटीने, एक पोतं घेऊन. प्रत्येक शाळेतून ‘उसातली मावशी’ मागून घेतलीस. मी बरोबर येते म्हणाले. तू म्हणालीस, “तू घरी बस, मंदे. पोतं एकीचंच हाय.” हे टोचून बोललीस की माया करून, ते मला आजवर ठरवता आलेलं नाही.

मग ‘पाण्याखालची शाळा’ आलं. त्या पुस्तकाचे शब्द मी लिहिले, पण शेवटाला हात लावला नाही. धरणात गेलेलं जुनं आंबेगाव, शाळा, फळा, फळ्यावर राहिलेली तारीख, एकेक पानावर वर चढणारं पाणी, आणि शेवटच्या दोन पानांवर नुसतं निळं. मला ते पान भयंकर वाटलं होतं. माझ्या आईचं माहेर त्या पाण्यात आहे. पुस्तक तिच्यापासून लपवून ठेवलं होतं, तरी तिला सापडलंच. तिला वाचता येत नव्हतं. ती त्या निळ्या पानापर्यंत आली, थांबली, आणि एका जागी बोट ठेवून म्हणाली, “हितं आमची चूल.” मग दुसरीकडे, “हितं गोठा.” तासभर ती त्या कोऱ्या निळ्यावर बोट फिरवत होती. घाबरली नाही. तिला पहिल्यांदाच कुणी तिचं गाव दाखवलं होतं, आणि तेही काही न दाखवता. हे मी तुला पत्राने कळवलं. तू उत्तर दिलंस, “आता कळलं का?” एवढंच. पोस्टकार्डाची बाकीची जागा मोकळी.

हो, कळलं. मग मी काय केलं? काहीच नाही. आपल्या गावांत तोवर बिबट्यासाठी पिंजरे लागले होते, आत बांधलेली शेळी ओरडत असायची. लोकांनी दिवस मावळायच्या आत पोरं घरात घ्यायला सुरुवात केली होती. शेतीची वीज रात्रीची असे, म्हणून माणसं पाणी द्यायला जोडीने जायची, मोठ्याने बोलत. आणि कुठे काही झालं की कुणी ना कुणी म्हणायचं, “ती चित्रवाली बाई.” जसं काही तूच त्याला बोलावलं होतंस. मी ऐकायचे आणि चष्मा पुसायचे.

मागच्या महिन्यात तुला भेटायला आले, तेव्हा तू कॉटवर उशीला टेकून बसली होतीस. हात बारीक झाले होते. बोलता बोलता तो विषय मीच काढला. म्हणाले, “त्या दिवशी बैठकीत तू माझा गुडघा दाबलास, नाहीतर मी...”

तू माझ्याकडे पाहिलंस. रागाने नाही. तुला खरंच नवल वाटलं होतं.

“मंदे, ते तुला गप करायला न्हवतं. मला भ्या वाटत व्हतं. कुनाला तरी धरायचं व्हतं.”

तुझ्या भावजयीने चहा आणला, तुझ्या बशीत ओतून दिला. तू फुंकर घालत म्हणालीस, “आणि तू बोलली असतीस, तर मी कशाला अडवलं असतं? येडी हायेस का?” आणि हसलीस. सुजाता, त्या हसण्याचं मी काय करू?

निघताना तू मला ते शेवटचं बाड दिलंस. ‘मागं बघू नको’. तीच गोष्ट, नव्याने काढलेली. पहिल्यापेक्षा साधी, पहिल्यापेक्षा काळी. या वेळी बांधावर तुकड्यांची ओळ आहे आणि शेवटच्या दोन जागा रिकाम्या आहेत. मुलगी आपल्याकडे चालत येते आहे. “शब्द तू लिव्ह,” म्हणालीस. “ह्या येळंला मला वाचून दाखवू नको. तुला काय लिव्हायचं त्ये लिव्ह.” मी लिहून होण्याआधी तू गेलीस. दाखवायची सोयच तू ठेवली नाहीस.

प्रकाशकांना मी चित्रांचे फोटो पाठवले होते; परवा पुण्याहून त्यांचा फोन आला. सज्जन आहेत. म्हणाले, “मॅडम, चित्रं अप्रतिम. पण शेवट फार अंगावर येतो. तेवढा जरा मऊ करा. तुम्हीच करू शकता. आणि या वेळी तुमचं नाव घालू या ना कव्हरवर.” आठ दिवसांत कळवते, असं मी म्हणाले. फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं, की तो मऊ शेवट माझ्या मनात तयारच होता. शब्दसुद्धा. दूर घरात दिवा लागतो, आई दारात उभी असते. चांगली ओळ होती. मला माझीच भीती वाटली.

म्हणून काल दुपारी मी बाळूभाऊंच्या वस्तीवर गेले. बाड बरोबर घेतलं. ते फवारणीचा पंप उघडून बसले होते. वहिनींनी खाट टाकली. अश्विनी आता अकरा वर्षांची आहे, उंच झाली आहे, कमी बोलते. मी पाणी पिऊन सगळं सांगितलं. आधीचं चित्र, तीन रविवार, मी बदललेला शेवट, माझी ओळ. बैठकीत मी कुठे बसले होते, तेही.

बाळूभाऊंनी हातातला पाना खाली ठेवला. मग म्हणाले, “सा वर्सं, बाई. सा वर्सं त्या समोरून आल्या की मी रस्ता सोडायचो. एकदा आळेफाट्याला स्टँडवर त्यांनी इचारलं, पोरगी कशीय? मी थुकलो. तिथंच, त्यांच्या पायाशी.” त्यांनी हात लुंगीला पुसले. “ते आता कुनाला सांगू मी?”

तू हे मला कधीच सांगितलं नव्हतंस.

वहिनी म्हणाल्या, “पोरीम्होरं नका बोलू.” पण अश्विनी आधीच बाड घेऊन ओट्याच्या पायरीवर बसली होती. एकेक पान नीट बघत होती. शेवटच्या चित्रापाशी ती थांबली. तिच्या बापाचं तिच्याकडे लक्ष होतं, माझंही. तिने त्या मुलीच्या मिटलेल्या ओठांवर बोट ठेवलं आणि म्हणाली, “हिला कुनीतरी सांगितलंय.” मग मला विचारलं, “मला का न्हवतं सांगितलं?”

बाळूभाऊ उठले. “चला बाई. दिस हाय तवर सडकंला सोडतो.”

प्रकाशकांना काय कळवायचं, ते मोटरसायकलवर बसेपर्यंत ठरलं होतं. शेवट तुझा, तुझीच ओळ. माझं नाव मुखपृष्ठावर नको, आतल्या पहिल्या पानावर हवं, आणि त्याच्याखाली आधीच्या पुस्तकाचा शेवट कुणी बदलला होता ते. मला वाटलं, झालं, एवढ्याने होईल. लिहून मोकळं होणं मला जमतं. ही माझी जुनी सवय आहे, तुला माहीतच आहे.

दोन्ही बाजूंना तोडणीला आलेला ऊस, डोक्याच्या वर गेलेला. सडक दिसली, तशी त्यांनी गाडी थांबवली, पण बंद केली नाही. मी उतरले.

“सोमवारी शाळंत बैठक हाय,” ते म्हणाले. “पालकांची. तुमचं चुलतं असनार. तिथं सांगा ह्ये. मला एकट्याला सांगून काय उपेग?”

ते माझ्याकडे बघत नव्हते. त्यांची नजर उसावर होती.

“सांगते,” मी म्हणाले.

“मोठ्यांदा बोला, बाई. गाडीच्या आवाजात ऐकू येत न्हाई.”

मी पुन्हा म्हणाले. मोठ्याने.